बुद्धभूषणला सवलत नको होती

ट्रॉयमध्ये माणूस गाडी चालवत नसेल तर त्याचं काही खरं नाही. डेट्रॉइटच्या भोवतालची ही गावं गाड्या बनवणाऱ्यांनी जणू गाड्यांसाठीच वसवली. दूध आणायचं तर गाडी, केस कापायचे तर गाडी, आणि बागेत पायी फिरायचं तर त्या बागेपर्यंत जायलाही गाडी. अशा गावात बुद्धभूषण रामटेके सहा वर्षं गाडी चालवत नव्हता, आणि का चालवत नाही याची त्याच्याकडे निदान पाच कारणं तयार असायची. पाठ धरलीय. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. अपर्णाला ड्रायव्हिंगची हौस आहे. पेट्रोल जाळून हवेचं वाटोळं कशाला करायचं. पाचवं कारण ऐकायची पाळी कुणावर आली नाही, कारण चौथ्यालाच लोक विषय बदलत.

खरं कारण एकच होतं. त्याला दिसत नव्हतं.

डॉक्टर त्या आजाराला आरपी म्हणतात. आधी रात्रीचं दिसेनासं होतं, मग नजरेच्या कडा जातात, मग मधलं उरलेलं भोक आक्रसत जातं. पस्तिसाव्या वर्षी निदान झालं. आता एकेचाळिसाव्या वर्षी बुद्धभूषणला खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढं कळायचं, बस. हे घरात दोघींना माहीत होतं, बायको अपर्णाला आणि चौदा वर्षांच्या सुमेधाला. बाहेर कुणालाही नाही. एप्रिलात जयंतीला जमणाऱ्या मंडळींतही नाही. तिथे तो अपर्णाचा दंड धरून यायचा आणि लोक म्हणायचे, बघा, या वयातही कसे हातात हात घालून येतात.

नोकरीतही हे खपून गेलं, कारण नोकरी घरूनच होती. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टर होता, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर. तो हेडफोनमध्ये भरधाव बडबडायचा आणि बुद्धभूषण कीबोर्डवर काम करायचा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. कंपनीची काही साधनं स्क्रीन रीडरला वाचताच यायची नाहीत, तिथे त्याला आडवळणाने जावं लागे. आठ तासांच्या कामाला चौदा तास लागत. एक मेल टाकला असता तर कंपनीने ती साधनं बदलून दिली असती, इथल्या कायद्याने तिला ते करावंच लागलं असतं. पण मेल टाकायचा म्हणजे सांगायचं. आणि मागायचं. तिथेच त्याचं घोडं अडायचं.

ते का, हे समजायला नागपूरला जावं लागेल. इंजिनिअरिंगच्या पहिल्या आठवड्यात होस्टेलच्या जिन्यात एका सीनियरने सगळ्यांसमोर त्याला आडनाव विचारलं, मग मार्क विचारले. बुद्धभूषणने मार्क सांगितले. ते विचारणाऱ्यापेक्षा अकराने जास्त होते. सीनियर हसला आणि म्हणाला, "असू दे, असू दे. सीट तर सवलतीचीच ना?" सीट सवलतीची नव्हती. पण ते ऐकायला जिन्यात कुणी थांबलं नाही. पुढे चार वर्षं पेपर चांगला गेला तरी तेच, वाईट गेला तरी तेच. तोंडी परीक्षेत एका सरांनी तर प्रश्नच विचारला नाही. "तुम्हाला पासिंगपुरतं पुरे ना," म्हणाले.

जिन्यातल्या त्या दिवशीच पोराने कानाला खडा लावला होता. आयुष्यात पुन्हा कुठलीही सवलत नको. मिळत असलेली स्कॉलरशिप त्याने सोडली. वडील उमरेडला शाळामास्तर होते, स्वतः स्कॉलरशिपवर शिकलेले. ते चकित झाले. "अरे, आपल्या लोकांनी लढून घेतलेली गोष्ट आहे ही," ते म्हणाले. "तू ती परत कोणाला करून राहिला?" हा हट्ट बुद्धभूषणचा, आणि त्यात थोडा मूर्खपणाही होता, पण ज्याने त्या जिन्यात उभं राहून पाहिलेलं नाही त्याने त्याला फार हसू नये.

अमेरिकेत पंधरा वर्षं झाली. इथे प्रत्येक नोकरीच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: तुम्हाला अकॉमोडेशन हवी आहे का? म्हणजे अपंग उमेदवाराला लागणारी सोय, जास्तीचा वेळ वगैरे. बुद्धभूषणच्या डोक्यात त्या शब्दाला एकच मराठी शब्द होता. तो नाहीवर टिचकी मारायचा आणि पुढे जायचा.

जानेवारीत कंपनीने चाळीस माणसं काढली. कामाचा वेग कमी असलेल्यांची यादी निघाली होती आणि तीत बुद्धभूषणचं नाव वरच होतं. अकरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये पंधरा वर्षांचा निकाल लागला.

त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेल्यापासून साठ दिवसांत नव्या कंपनीने त्याचे कागद सरकारकडे दाखल करायला हवेत, नाहीतर देश सोडायचा. अपर्णा एका पाळणाघरात काम करायची, पण तिचा परवाना त्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेला. सुमेधा तेवढी इथे जन्मलेली, अमेरिकन नागरिक. देश तिचा आणि आईबाप पाहुणे. ती हायस्कूलच्या पहिल्या वर्षाला होती, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची, आणि मराठी तिला समजायचं तरी ती उत्तर इंग्रजीतच द्यायची. नागपुरात ती काय करणार, या प्रश्नाला दोघांपैकी कुणी हात लावत नव्हतं.

बुद्धभूषणने अर्ज करायला सुरुवात केली आणि मग त्याला इंटरनेटने इंगा दाखवला. तोवर तो त्याच्या ओळखीच्या चार कोपऱ्यांत वावरत होता. आता रोज नवी वेबसाइट, नवा फॉर्म. स्क्रीन रीडर वाचायचा: "बटण. बटण. बटण." कशाचं बटण ते बनवणाऱ्याने लिहिलेलंच नसायचं. जन्मतारीख टाकायला चित्रातलं कॅलेंडर, ते माऊसशिवाय उघडायचं नाही. कुठे अर्ध्या तासाचा फॉर्म भरत आला की "तुमची वेळ संपली" म्हणून सगळं पुसलं जायचं. कुठे शेवटी कोडं यायचं, ट्रॅफिक लाइट असलेली चित्रं निवडा आणि तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा. तिथे अपर्णाला हाक. ती कामावर असेल तर संध्याकाळपर्यंत वाट. एका फॉर्मने त्याची जन्मतारीख एक जानेवारी एकोणीसशे अशी घेतली आणि ते त्याला अर्ज गेल्यावर कळलं.

"एकशे पंचवीस वर्षांचा टेस्टर," तो अपर्णाला म्हणाला. "अनुभवी आहे म्हणून तरी बोलावतील."

अपर्णाला हसू आलं नाही. तो पंचविसावा दिवस होता.

जयंतीच्या मंडळींपैकी विनयने मदत करायचा प्रयत्न केला. ऑबर्न हिल्सला त्याच्या ऑफिसात जागा होती. "यार, मी तुला रेफर करतो, मॅनेजर आपल्या ओळखीचा आहे. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यावं लागेल आणि कधीकधी गाडी घेऊन टेस्ट ट्रॅकवर जायचं, इतकंच."

"नको," बुद्धभूषण म्हणाला. "मला घरूनच काम पाहिजे."

"अरे, तुझे दिवस मोजलेले आहेत आणि तू नखरे काय करतोस?"

विनयने नाराज होऊन फोन ठेवला आणि पुन्हा केला नाही. त्यात त्याचीही काही चूक नव्हती.

सदतिसाव्या दिवशी एक फोन आला आणि घरातली हवा पालटली. न्यू जर्सीत पिस्कॅटवेला एक कंपनी होती, दवाखान्यांसाठी वेबसाइट बनवणारी. पेशंटने अपॉइंटमेंट घ्यायची, रिपोर्ट बघायचे, डॉक्टरला विचारायचं, असं सगळं त्या वेबसाइटवर. हे सगळं आंधळ्या माणसालाही करता येतं का, हे तपासायला त्यांना टेस्टर हवा होता. काम घरून. बुद्धभूषणने अर्जात स्क्रीन रीडरचं उत्तम ज्ञान असं लिहिलं होतं. का आहे ते लिहिलं नव्हतं.

फोन करणारी मॅनेजर कॅथलीन नावाची बाई होती, साठीच्या घरातली, बोलायला मोकळी. वीस मिनिटं ठरलेला कॉल सव्वा तास चालला. एखाद्या पानावर अचानक चौकट उघडली तर आंधळा माणूस कुठे अडकतो, हे त्याने तिला असं सांगितलं की तिने मध्येच त्याला थांबवलं.

"हे तुम्हाला कसं माहीत?" तिने विचारलं. "पुस्तकात नाही हे."

"खूप टेस्टिंग केलंय," बुद्धभूषण म्हणाला.

सांगायची वेळ तीच होती. तोंडापर्यंत आलंही होतं. पण त्याला वाटलं, सांगितलं तर ही म्हणेल, अच्छा, म्हणून. म्हणजे त्याची हुशारी गेली चुलीत, उरले डोळे. आधी काम बघू दे, नोकरी देऊ दे, मग सांगू. एवढ्याच हिशेबाने तो गप्प बसला.

कॅथलीनने सांगितलं की आता फक्त एक ऑनलाइन चाचणी, ती बाहेरची एक कंपनी घेते. झाली की लगेच कागद सुरू करू. कागदांना दहा दिवस धरले तरी साठात बसत होतं. अपर्णाने त्या दिवशी पाच आठवड्यांनी पहिल्यांदा वडाभात केला आणि सुमेधाने क्लॅरिनेट बाहेर काढलं.

चाचणीचा फॉर्म आला. त्यात तो प्रश्न होता. अपर्णा त्याच्या शेजारीच उभी होती.

"हो म्हणा ना," ती म्हणाली. "जास्त टाइम देतील."

"मला जास्त टाइम नको. बाकीच्यांना जेवढा, तेवढाच."

"तुम्हाला दिसत नाही हो."

"म्हणूनच," तो म्हणाला आणि नाहीवर टिचकी मारली.

चाचणी चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी दहाला होती. नव्वद मिनिटं, कॅमेरा चालू, दुसऱ्या टोकाला एक पर्यवेक्षक बसलेला. त्याने सांगितलं तसा लॅपटॉप खोलीभर फिरवून दाखवला. खोलीत कुणी नको, म्हणून अपर्णा बाहेर गेली. मग पर्यवेक्षकाने कान दाखवायला सांगितले. हेडफोन चालणार नाहीत. हेडफोन नाही म्हणजे स्क्रीन रीडर स्पीकरवर ऐकायचा. त्याने आवाज शक्य तेवढा बारीक केला. कुणी हरकत घेतली नाही, म्हणजे चालतंय, असं त्याने धरलं.

आणि मग तो कामाला लागला. चाचणीत एका काल्पनिक दवाखान्याची वेबसाइट दिली होती, तिच्यातल्या चुका शोधायच्या. ही वेबसाइट म्हणजे गेले दीड महिने रोज ज्यांच्यावर तो डोकं आपटत होता त्याच सगळ्या भिंती. बटण, बटण, बटण. न उघडणारं कॅलेंडर. पुसला जाणारा फॉर्म. त्याने एकेक पकडली, नुसती चूक नाही लिहिली, ती कशी दुरुस्त करायची तेही लिहिलं. एकवीस चुका. नव्वदातली चार मिनिटं उरली तेव्हा तो थांबला. इतक्या वर्षांत एखादं काम इतकं मनासारखं झालं नव्हतं.

दार उघडून तो बाहेर आला तेव्हा अपर्णाला विचारावं लागलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरच होतं सगळं.

सेहेचाळिसाव्या दिवशी मेल आला. तो त्याने दोनदा ऐकला, मग अपर्णाला वाचायला लावला, स्क्रीन रीडर चुकत असेल या आशेने. चाचणी घेणाऱ्या कंपनीने लिहिलं होतं की उमेदवाराची नजर नव्वदपैकी ऐंशी मिनिटं पडद्यावर नव्हती. खोलीत सतत दुसरा कुणीतरी हलक्या आवाजात बोलत होता. चाचणी सुरू झाल्यावर पर्यवेक्षकाने नियमाप्रमाणे तोंडी न बोलता चॅटच्या चौकटीत तीन वेळा लेखी विचारणा केली, कोण बोलतंय, पडद्याकडे बघा. उमेदवाराने एकदाही उत्तर दिलं नाही. सबब गैरप्रकार धरून चाचणी रद्द. सहा महिने पुन्हा बसता येणार नाही.

ती चॅटची चौकट स्क्रीन रीडरने वाचलीच नव्हती. पानावर अचानक उघडणारी चौकट. बाविसावी चूक ती होती आणि ती चाचणीच्याच वेबसाइटमध्ये होती.

बुद्धभूषण बसूनच राहिला. नोकरी गेली हे अजून त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. त्याला एवढंच ऐकू येत होतं की त्याने दुसऱ्याचं ऐकून लिहिलं. कुणाचा आधार नको म्हणून ज्याने बापाचं ऐकलं नाही, त्याच्या नावावर कॉपी लागली. नागपूरचा तो जिना त्याने बारा हजार किलोमीटर मागे टाकला होता, पण शिक्का तोच बसला, आणि या वेळी तो बसायला त्याने स्वतःच जागा करून दिली होती.

"आता तरी फोन करा," अपर्णा म्हणाली.

त्याने केला. कॅथलीनचा आवाज आधी थंड होता. त्याने एका दमात सांगून टाकलं. मी आंधळा आहे. खोलीत बोलत होता तो स्क्रीन रीडर होता. चॅट मला वाचता आला नाही.

"भूषण," कॅथलीन म्हणाली. तिला पूर्ण नाव कधी जमलं नव्हतं. "मी चार महिने हे वापरणाराच माणूस शोधतेय. शिकलेले येतात, जगलेला कुणी येत नाही. तुमच्यासारख्यांसाठी त्याच चाचणी कंपनीची वेगळी चाचणी आहे, कॅमेरा नाही, फोनवर घेतात. फॉर्ममध्ये हो लिहिलं असतं तर तीच आली असती. नाही का लिहिलंत?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. आमच्याकडे, तो म्हणाला, आणि अडकला. जिना, सीनियर, शाळामास्तर बाप, हे पिस्कॅटवेच्या बाईला कुठून सांगायला घ्यायचं ते त्याला कळेना.

"मला वाटलं, तुम्ही मला कमी समजाल," तो म्हणाला.

कॅथलीनने आपल्या परीने जीव तोडला, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. पाच दिवस ती चाचणी कंपनीशी भांडली. कॉपीचा आरोप त्यांनी मागे घेतला, लेखी माफीही मागितली, पण नवी चाचणी नोंदवायला त्यांना तीन आठवडे हवे होते, आणि चाचणीशिवाय कागद दाखल करायला तिच्या कंपनीचा वकील तयार नव्हता. तीन आठवडे थांबायला कॅथलीन तयार होती. साठावा दिवस तयार नव्हता. पाहुण्यांच्या व्हिसाचा अर्ज करून राहता येतं का, तेही रामटेक्यांनी आपल्या वकिलाला विचारलं. त्याने मार्ग सांगितला आणि त्याच दमात त्यात हल्ली काय काय अंगाशी येऊ शकतं तेही सांगितलं. पोरीला घेऊन तो जुगार खेळायची अपर्णाची तयारी नव्हती. कॅथलीन म्हणाली, भारतातून सहा महिन्यांनी बघू. ती मनापासून म्हणाली. पण सहा महिन्यांनी कुणाची जागा कुठे असते.

हे सगळं कळलं त्या संध्याकाळी अपर्णाने भांडी घासता घासता नळ बंद केला.

"तुम्ही नाही म्हटलं ते एकट्यासाठी नव्हतं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी लोकांना सांगून राहिली की यांची पाठ दुखते. विनयभाऊंशी खोटं, शाळेत खोटं, माझ्या आईशी खोटं. पोरीला खोटं बोलायला शिकवलं मी. काहून? तुमच्या आंधळेपणाची मला कधी लाज नव्हती. तुम्हालाच होती, आणि तुमची लाज आम्ही दोघींनी वाहिली."

सुमेधा जिन्यावर येऊन उभी राहिली होती हे बुद्धभूषणला तिच्या श्वासावरून कळलं.

"इट्स ओके, बाबा," ती म्हणाली, आणि ते ओके नाही हे तिच्या आवाजात इतकं स्पष्ट होतं की त्याने मान खाली घातली.

त्रेपन्नाव्या दिवशी सकाळी तिकिटं काढायची होती, सुमेधाही टेबलाशी बसली होती. विमान कंपनीच्या वेबसाइटने तीनदा मध्येच हाकलून दिल्यावर अपर्णाने फोनच लावला आणि स्पीकरवर टाकला. डेट्रॉइट ते नागपूर, दिल्लीमार्गे, तीन माणसं, एकाच बाजूचं तिकीट. पलीकडची मुलगी नावं लिहून घेत होती, स्पेलिंग विचारत होती, जेवण शाकाहारी की कसं ते विचारत होती. मग तिने त्याच सुरात विचारलं, तिघांपैकी कुणाला काही मदत लागेल का.

"नो, नो," अपर्णा म्हणाली. "नोबडी."

ती इतक्या पटकन म्हणाली की प्रश्न पूर्णही झाला नव्हता. सहा वर्षांची सवय होती. म्हटल्यावर तिचं तिलाच कळलं आणि ती थांबली.

बुद्धभूषणने टेबलावर हात फिरवला, फोन शोधला, उचलून तोंडाशी धरला.

"येस," तो म्हणाला. "एकाला लागेल. बुद्धभूषण रामटेके. आय अ‍ॅम ब्लाइंड."

"शुअर, सर," मुलगी म्हणाली. कीबोर्डवर चार-पाच बटणांचा आवाज आला. "झालं. दारापासून विमानापर्यंत माणूस तुमच्यासोबत असेल. आणखी काही?"

"इतकंच?" त्याने विचारलं.

"इतकंच, सर."

त्याने फोन अपर्णाकडे दिला. ती कार्डाचा नंबर सांगू लागली, आणि तो तिथेच, बायको आणि पोरीसमोर, दोन्ही हातांत तोंड झाकून रडू लागला.